पखवाजाची कणीक

आसारामने आयुष्यात दोनच कामं केली. दिवसा विहिरी खोदल्या आणि संध्याकाळी गावातली पोरं पखवाजावर बसवली. दोन्ही कामं मी जवळून पाहिली. विहिरींवर पस्तीस वर्षं त्याच्या शेजारी पहार धरली, आणि देवळात मागच्या खांबाला टेकून त्याची शिकवणी ऐकली. मला पखवाज येत नाही. पण केलेलं काम आणि दाखवलेलं काम यांतला फरक मला कळतो. तेवढ्या अधिकारावर हे लिहितो आहे.

आमचं गाव तिसगावच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. पाऊस आला तर आला. त्यामुळे विहीर खोदणाऱ्याला काम कायम असायचं. आमची सहा जणांची टोळी होती. यारीवर, म्हणजे खालचा दगड वर ओढणाऱ्या यंत्रावर, बाबाजान असायचा. बाकीचे आम्ही खाली. जामखेडच्या माळापासून घोडेगावपर्यंत किती विहिरी पाडल्या ते मोजलं नाही.

टोळीचा एक नियम होता. खाली ओल दिसली तरी तोंडातून पाण्याचं नाव काढायचं नाही. खडक घामेजतो, कपारीतून धार सुटते, आणि दुसऱ्या दिवशी आटते. ओल म्हणजे पाणी नाही. दोन दिवस उपसून बघायचं. पातळी पुन्हा तेवढीच भरली तर मालकीण हळदकुंकू आणि नारळ घेऊन काठावर यायची, पूजा करायची, आणि मग टोळीतला सगळ्यात जुना माणूस म्हणायचा, "पानी लागलं." त्याआधी कुणी बोललं तर झरा फिरतो असं आम्ही मानत होतो.

मानायला कारण घडलं होतं. जामखेडकडे एका विहिरीत पंचेचाळीस फुटांवर एक नवा गडी ओरडला, पानी लागलं. मालकाने गावात पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी तळात चिखलसुद्धा उरला नाही. मालकीण काठावर येऊन उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती नुसती आमच्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून आसारामने नियम आणखी आवळला. बरं झालं, चांगलं झालं, शाब्बास, असलं काहीच तो बोलेनासा झाला. खाली उतरल्यावर नाही आणि वर आल्यावरही नाही.

काम सुटल्यावर तो घरी येऊन हातपाय धुवायचा, मूठभर गव्हाचं पीठ फडक्यात बांधून घ्यायचा आणि मारुतीच्या देवळात जायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते. त्याशिवाय आवाज खोल येत नाही. वाजवून झालं की ती खरवडून काढायची आणि गाईला घालायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी. मी सांगतोय त्या काळात आमच्या घरांत गहू सणालाच दिसायचा. रोजची भाकरी बाजरीची. तरी आसारामच्या घरातून रोज मूठभर गव्हाचं पीठ देवळात जायचं. त्याची बायको केशरबाई ते वेगळ्या डब्यात ठेवायची. पोरांनी हात लावला तर चुलीतलं लाकूड दाखवायची.

शिकायला येणाऱ्या पोराला पहिले सहा महिने पखवाजाला हात लावता येत नसे. देऊळ झाडायचं. समई घासायची. मग मांडी घालून टाळी द्यायची आणि तोंडाने बोल म्हणायचे, धा दिं ता, तिटकत गदिगन. आणि कणीक मळायची. सैल झाली तर ती घसरते, घट्ट झाली तर पखवाज मुका होतो. पोर मळून आणायचं, आसाराम अंगठ्याने दाबून बघायचा आणि परत द्यायचा. "परत मळ." चार चार वेळा. जमली की काही न बोलता पखवाजाला लावायचा. पोराने समजून घ्यायचं.

एकदा एका पोराचा बाप देवळात आला. म्हणाला, "आसाराम, सा म्हैने झाले. पोराला एक अभंग न्हाई आला. नुसता झाडूच मारून घेतोस. धर्म कवा शिकवनार?"

आसाराम म्हणाला, "बसतोय न्हवं का आता जागेव? आदी बसत व्हता का?"

"न्हाई."

"मंग शिकतोय की."

त्याच्या हाताखालून तीस-पस्तीस पोरं गेली. सगळी वाजवती झाली नाहीत. पण त्यांतल्या कुणाला कामाला लावलं तर काम अर्ध्यात सोडून जात नाही. मला एवढा दाखला पुरतो.

मग पोरं कमी झाली. भांडण नाही, तंटा नाही. सकाळी सातला इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते आणि साडेपाचला सोडते. पुढे शिकवणी. आईबाप म्हणायचे, परीक्षा झाली की पाठवतो. परीक्षा कायमच असते. वीस होती, सात झाली, तीन झाली. शेवटी एक उरली. आसारामची नात, राजेश्वरी.

ती आठ वर्षांची असताना आपणहून आली. कुणी पाठवली नव्हती. मुलगी म्हणून एकदोघांनी नाकं मुरडली. आसाराम म्हणाला, "कनकीला काय कळतंय, मळनारा पोरगा हाय का पोरगी." तिलाही सहा महिने झाडू, समई, टाळी. घरची म्हणून सवलत नाही. उलट दुसऱ्याच्या पोराला चार वेळा परत मळायला लावत असेल तर हिला सहा वेळा.

तिचं बोट कधी थांबायचं नाही. शाळेच्या डब्यावर, दाराच्या चौकटीवर, बसल्या बसल्या गुडघ्यावर. सारखा ठेका चालू. देवळात वाजवून झालं की ती आजोबाच्या तोंडाकडे बघायची. आसाराम नेमका तेव्हा समईची वात सारखी करायचा.

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या सुमाराला, आम्ही दोघं तिसगावच्या बाजारातून परत येताना टेम्पोची वाट बघत बसलो होतो. आसाराम म्हणाला, "गोरक्ष, पोरीला पानी लागलंय."

मी म्हणालो, "खात्री हाय?"

"असा हात मी बगितला न्हाई. माजा बी न्हवता."

"तिला सांगितलंस?"

"आजून उपसायचंय."

मी मान हलवली. मलाही तेच बरोबर वाटलं. आपल्या मागे तिने पखवाज धरावा एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. दुसरं कुणी उरलंच नव्हतं. ती उठली की देवळातला पखवाज बंद, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आणि हे माहीत असून आम्ही दोघं गप्प बसलो.

इकडे पोरं देवळात येईनाशी झाली आणि तिकडे गावाला संस्कारांची आठवण यायला लागली. पोरं ऐकत नाहीत, उलट बोलतात, मोबाईल सोडत नाहीत. प्रत्येक घरात हेच. बाबाजान एकदा पारावर बसून म्हणाला, "आमच्यात बी तेच. नातू मोबाईलवं कुरान शिकतोय. मौलाना कोन्या गावचा इचारलं तर म्हनतो, म्हाईत न्हाई दादा, पन त्येंला लाईक लई हायेत." सगळे हसले. आसाराम हसला नाही.

धर्म सगळ्यांना पाहिजे होता. पण आठ दिवसांत, जेवणासकट, उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्या दसऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात नगरकडून ओम महाराज आले. अठ्ठावीस वर्षांचा माणूस. आठ दिवसांचं बालसंस्कार शिबिर, पोरांना टी-शर्ट, शेवटी प्रमाणपत्र. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पहाटे उठायचे, पोरांच्या ताटात खरकटं राहू द्यायचे नाहीत, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचे. देवळाचा सभामंडप त्यांना हवा होता, सकाळ-संध्याकाळ. देवळाच्या समितीत आम्ही पाच जण. हात वर करणाऱ्यांत मी होतो. माझे दोन नातू दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून असतात. मला वाटलं, आठ दिवस तरी मान वर होईल.

आसारामला सांगायला मीच गेलो.

"आट दिसात वरची माती बी निगत न्हाई, गोरक्ष."

"सुरुवात तर व्हईल."

"सुरुवात रोजच व्हती. मी काय देवळाला कुलूप लावलं व्हतं का?"

मी चपला घालून निघालो.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी ओम महाराजांनी पोरांना विचारलं, कुणाला काय येतं. राजेश्वरी पखवाज घेऊन बसली. दोन-तीन मिनिटं वाजवलं असेल. महाराजांनी तिला थांबवलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? दहा-दहा वर्षं शिकलेल्यांचा असा हात नसतो. हिच्यासाठी जोरात टाळ्या वाजवा."

साठ पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिचा चेहरा लाल झाला. ती हसली, आणि तिने मान वळवून बाहेर बघितलं. आसाराम चपला काढतात तिथे उभा होता. त्याने खाली बघितलं. तो काय करत होता ते मला माहीत आहे. तो नियम पाळत होता. अकरा वर्षांच्या पोरीला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

महाराज तिला म्हणाले, "बाळ, मागे बसून दुसऱ्याला साथ करत किती दिवस राहणार? गळा आहे, ताल आहे. पुढे उभी राहा."

शिबिर संपलं आणि चार दिवसांनी आसारामच्या घरी बोलणं झालं. मी तिथे होतो, कारण अमृतने मला मुद्दाम बोलावलं होतं. अमृत त्याचा मुलगा, नगरला एमआयडीसीत कंपनीत जातो. त्याची बायको स्नेहल बारावी शिकलेली. बोलायला तिनेच सुरुवात केली.

"आबा, ओम महाराज राजेश्वरीला वर्गाला घेतो म्हणालेत. दर रविवारी गाडी येईल. फी पण नाही."

"ती हितं शिकतीय."

"तीन वर्षं शिकतेय. एकदा तरी बरं म्हणालात का तिला? रोज घरी येऊन मला विचारते, आई, मला येत नाही का गं?"

"येतंय तिला."

"मग तिला सांगा की. ती आत बसलीय."

आसारामने आतल्या दाराकडे बघितलं. पडद्याखाली पोरीचे पाय दिसत होते. मला वाटलं, आता बोलेल. मी त्याच्या गुडघ्याला हळूच हात लावला.

"येळ येऊ दे," तो म्हणाला.

अमृत हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "येळ. आबा, मला बी चार वरसं बसवलं तुमी. मला आजून कळलं न्हाई, मला येत व्हतं का न्हाई."

"तुला येत न्हवतं."

"मंग तवाच सांगायचं. दुसरं कायतरी शिकलो आसतो. चार वरसं मी कनीक मळली. घरात चपाती मागितली तर ऐकायला मिळायचं, ते पीठ देवाचं हाय. आमच्या ताटात चपाती न्हवती आन पखवाजाला कनीक व्हती. गोरक्षनाना, तुमी सांगा, खोटं बोलतोय का?"

खोटं नव्हतं. केशरबाई आतून म्हणाली, "पीठ मी येगळं काढत व्हते. बोलायचं तर मला बोल. त्येंना नको."

"तुला काय बोलू, आये. तू बी त्येंच्याच टोळीतली."

पुढच्या रविवारी गाडी आली आणि राजेश्वरी गेली. त्यानंतर तिचं संध्याकाळी देवळात येणं हळूहळू थांबलं. आधी आठवड्यातून चार दिवस, मग दोन, मग सणाला. आसाराम रोज जायचा. कणीक स्वतः मळायचा, स्वतः वाजवायचा, खरवडायचा, गाईला घालून घरी यायचा. मी खांबाला टेकून बसायचो. दोन म्हातारे आणि एक मारुती.

यंदाच्या चैत्रात गावच्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन राजेश्वरीला दिलं. पत्रिकेवर फोटो, खाली 'बालकीर्तनकार राजेश्वरीताई'. बारा वर्षांची ताई. सकाळी दहाला मंडप भरला. डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं, कानाशी चिकटवलेला माईक. साथीला महाराजांनी आपला पखवाजवाला आणला होता. त्याचा पखवाज नट-बोल्टवर आवळायचा, आणि डाव्या तोंडाला कायमचा लेप. कणीक लागतच नाही. समितीतल्या एकाने आसारामला विचारलं, तुमी मागं बसता का टाळ घेऊन. आसाराम म्हणाला, "मी ऐकतो." आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. पलीकडे बायकांत केशरबाई होती.

पोरगी बोलायला लागली. आधी विनोद. सुनेच्या हातात मोबाईल, सासूच्या हातात मोबाईल, दूध उतू. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बारा वर्षांची पोर साठ वर्षांच्या बायांना संसार कसा करावा ते सांगत होती आणि बाया माना डोलवत होत्या. मग तिने आवाज खाली आणला. एका आजोबांची गोष्ट. मुलगा-सुनेने वृद्धाश्रमात टाकलेले. नातीची वाट बघत दारात बसायचे. नातीला शाळेतून यायला उशीर झाला आणि आजोबा गेले. "ते आजोबा," ती म्हणाली, "माझे आजोबा होते हो." आणि तिच्या डोळ्यांतून खरं पाणी आलं.

मंडप रडला. पुरुषसुद्धा. स्नेहल पुढे उभी राहून मोबाईलवर सगळं घेत होती.

केशरबाई उठून आमच्यापाशी आली आणि नवऱ्याला ऐकू जाईल असं मला म्हणाली, "भावजी, ह्यो मानूस वृद्धाश्रमात मेला म्हनं. आन सकाळच्याला माज्या हातची दीड भाकर खाऊन आलाय."

मी आसारामकडे बघितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. रडणं किती वेळ धरायचं, कुठे तोडायचं, लोकांचा हुंदका ओसरला की नेमकं कुठल्या क्षणाला पुढचं वाक्य टाकायचं, पोरीला अचूक येत होतं. एक मात्रा इकडे-तिकडे नाही. तो ताल तिला या म्हाताऱ्यानेच दिला होता.

कीर्तन संपल्यावर ती मंडपाच्या कडेला आईपाशी गेली. मी तिथून चाललो होतो. ती विचारत होती, "रडताना चेहरा आला का गं नीट? मागच्या वेळी फेट्याची सावली पडली होती."

दुपारी जेवणं झाल्यावर ती आसारामच्या पाया पडायला आली. महाराजांनी सांगितलं असावं. आम्ही ओट्यावर बसलो होतो. ती वाकली, उठली, निघाली. आसाराम म्हणाला, "राजी, बस."

ती बसली.

"तुजा हात माज्यापरीस सरस हाय. तुला पानी लागलंय. मला दीड वरसापासनं म्हाईत हाय."

तिला कळलं नाही. "कसलं पाणी, आबा?"

मग त्याने तिला नियम सांगितला. ओल कशी असते, धार कशी फसवते, दोन दिवस का उपसायचं, मालकीण, नारळ. जामखेडची विहीर सांगितली. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्याच्या कपाळाला घाम आला होता, विहिरीतून वर आल्यासारखा.

ती म्हणाली, "एवढं माहीत होतं तर आधी का नाही सांगितलं?"

"आदी सांगत नसत्यात."

"मी किती वेळा तुमच्या तोंडाकडे बघायचे."

"म्हाईत हाय."

ती उठून गेली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात आली. स्वतः कणीक मळली. आसारामने अंगठ्याने दाबली, परत दिली, आणि पोरगी हसत परत मळायला बसली. मला वाटलं, झालं, जमलं. वाजवून झाल्यावर ती म्हणाली, "आबा, ते जामखेडचं परत सांगा. ती मालकीण काय म्हणाली?" आसाराम सांगायचा. "किती फूट होती? तुम्ही खाली असताना वर आकाश केवढं दिसायचं?" तेही सांगायचा. तीन संध्याकाळ ती आली. तिन्ही दिवस वाजवणं थोडं आणि विहिरी जास्त. आसाराम खुशीत होता. तिसऱ्या दिवशी घरी जाताना मला म्हणाला, "उपसून बगितलं, गोरक्ष. टिकलं."

चौथ्या दिवशी ती आली नाही. पाचव्या दिवशीही नाही.

महिन्याभराने देवळाच्या समितीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. घोडेगावच्या पुढच्या कुठल्याशा गावातलं कीर्तन. मोठा मंडप, रंगीत दिवे. अडीच लाख लोकांनी बघितला होता. मी एकट्याने बघितला. पोरगी सांगत होती, "माझे आजोबा विहिरी खोदायचे. पन्नास फूट खाली. वर आकाश केवढं दिसायचं, माहीत आहे? परातीएवढं. त्यांनी मला कधी शाब्बास म्हटलं नाही. एकदाही नाही. शेवटच्या घटकेला त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि म्हणाले, राजी, पाणी लागलं. आणि प्राण सोडला." मागून बासरी. लोक रडतायत. मग टाळ्या.

दाखवावं की नाही, मी दोन दिवस विचार केला. लोक त्याला रस्त्यात सांगणारच होते. शेवटी आधी केशरबाईला विचारलं.

ती म्हणाली, "दाखवा, भावजी. मेलेल्या मानसाला काय व्हतंय?"

आसारामने मोबाईल हातात धरून पूर्ण बघितलं. मग म्हणाला, "आवाज बंद कर आन परत लाव." मी लावलं. तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता.

"हात बग तिचा," तो म्हणाला. "एक बोट हलत न्हाई. आदी गप बसली तरी बोट थांबायचं न्हाई."

मी बघितलं. खरं होतं. एक हात छातीवर, एक पुढे पसरलेला. सांगितल्याप्रमाणे वर-खाली होणारे हात. ठेका कुठेच नव्हता.

"झरा फिरला," आसाराम म्हणाला. "मी बोलायला नको व्हतं. घाई केली."

घाई. चार वर्षांनी. मला म्हणायचं होतं, आसाराम, तू उशीर केलास, तुझ्या आधी दुसरा बोलून गेला आणि पोरगी त्याच्यामागे गेली. आपली विहीर आणि पोर सारखी नव्हती. दगडाला तोंडाकडे बघायची सवय नसते. पण हे मला दीड वर्षापूर्वी, टेम्पोची वाट बघताना बोलायला पाहिजे होतं. तेव्हा मी मान हलवली होती. नंतर ओम महाराजांसाठी हात वर केला होता. आता तोंड उघडायचा मला हक्क नव्हता. मी मोबाईल खिशात घातला.

त्या संध्याकाळी तो देवळात गेला. कणीक मळली, पखवाजाला थापली, मांडीवर घेतला. वाजवला नाही. थोड्या वेळाने उठून पखवाज खुंटीला अडकवला आणि कणीक न खरवडता घरी आला. त्याला काम अर्ध्यात सोडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. ती कणीक अजून तिथेच आहे. वाळून तडकली आहे. समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, वास येतो, काढून टाकू. मी म्हणालो, राहू द्या. तेवढं मी केलं.

राजेश्वरीच्या रविवारच्या फेऱ्या चालू आहेत. गावात तिच्या नावाचा फलक लागला आहे. यंदाच्या उन्हाळ्यात शिबिराला नव्वद पोरं होती, माझे दोन्ही नातू त्यांत. टी-शर्ट मिळाले, प्रमाणपत्रं मिळाली. मान आठ दिवस वर होती.

केशरबाई मात्र रोज संध्याकाळी सवयीने मूठभर पीठ वेगळं काढते. ते देवळात जात नाही म्हणून त्याची एक लहान चपाती करते आणि नवऱ्याच्या ताटात, बाजरीच्या भाकरीशेजारी ठेवते. आसाराम ती आधी खातो. सगळी खातो. आणि बरी झाली, असं एकदाही म्हणत नाही.